धाकट्यांचा उजवा हात

“एकेक केस टोचत बसलीये. इथे माझी मोटर तापून चालली, आणि ही भुवया लावतेय.”

वन्सं हे माझ्या कानापासून वीतभर अंतरावर पुटपुटल्या. वीतभरच, कारण आम्ही दोघी एकाच माणसाला लागलो होतो. मी सुईने त्याच्या भुवईचा एकेक केस रोवत होते आणि त्या त्याची पाठ उघडून कोपरापर्यंत हात आत घालून बसल्या होत्या. वर त्यांचं म्हणणं, मी स्वतःशी बोलत होते, तुला कुणी ऐकायला सांगितलं?

मी पुढचा केस रोवला. एकशे बारा केस झाले होते. मधे बोललं की माझा आकडा चुकतो.

तर आता सगळं सांगतेच, पण आधी एक गोष्ट छातीठोकपणे सांगून ठेवते. असा पुतळा आमच्या शहरात आजवर झालेला नाही! श्वास घेतो, पापण्या मिटतो, मान वाकवतो आणि चिमट्याने मोहरीएवढा स्क्रू उचलून घड्याळात बसवतो. म्हणजे, बसवणार होता.

मी हे काम कुठल्या शाळेत शिकले नाही. कपड्यांच्या दुकानातल्या बाहुलीचं तुटलेलं नाक दुरुस्त करण्यापासून सुरुवात झाली. मग पंधरा वर्षं मी प्रथमोपचाराच्या वर्गांना नकली जखमा पुरवल्या. भाजलेला हात, मोडलेली नडगी, कापलेला अंगठा. माझ्या जखमा बघून आजवर तिघं जण चक्कर येऊन पडलेत, त्यातले एक डॉक्टर होते. पण कितीही सुरेख झाली तरी जखमेखाली कुणी कलाकाराचं नाव लिहीत नाही.

म्हणून विज्ञान संग्रहालयाच्या संचालकांनी बोलावलं तेव्हा मी दोन जिने एका दमात चढून गेले. त्यांना माणसाच्या हातावर एक नवं दालन करायचं होतं आणि त्याच्या मध्यभागी काम करत बसलेला एक माणूस हवा होता. अगदी जिवंत वाटेल असा. खाली पितळी पट्टी, पट्टीवर करणाऱ्याचं नाव. कोणत्या कामातला माणूस घ्यावा, असं ते विचारतच होते, तेवढ्यात मी बोलून बसले.

“घड्याळं दुरुस्त करणारा घ्या. आमच्या ह्यांच्यासारखा हात तुम्हाला दुसरीकडे मिळायचा नाही. दगडासारखा स्थिर.”

आमच्या ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, पस्तीस वर्षं. घरी येऊन मी त्यांना बातमी दिली. ते चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, माझाच कशाला? मी म्हटलं, मग काय शेजाऱ्यांचा घेऊ? ते बरं म्हणाले आणि चष्मा परत पुसायला लागले.

इथे काही बारीकसारीक गोष्टी सांगायला हव्यात, म्हणजे नंतर मी काही लपवलं असं व्हायला नको. हल्ली आमच्या घरातले कप फार मोठे झालेत, म्हणून मी ह्यांचा चहा अर्धाच भरते. ह्यांच्या शर्टाची वरची दोन बटणं मी लावते, कारण मला सकाळी घाई असते. वन्संनी गेल्या वर्षी त्यांना जाड दांड्याचा एक मग आणून दिला, दुकानात दिसला म्हणून आणला म्हणाल्या. आणि दुकानात हे आताशा पट्टे बदलतात, सेल बदलतात. आतलं नाजूक काम आलं की पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानाकडे पाठवतात. त्या बिचाऱ्यालाही काम मिळायला हवं ना, असं त्यांचं म्हणणं. माझा नवरा पहिल्यापासूनच मोठ्या मनाचा.

असो. पुतळ्याकडे येते.

शरीर माझं, जीव वन्संचा, अशी वाटणी ठरली. वन्सं म्हणजे ह्यांची पाठची बहीण. तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत यंत्रं सांभाळून निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून घरातल्या पंख्यांच्या मागे लागल्या आहेत. आमच्या लग्नापासून त्यांचं एक ठाम मत आहे, की मी जे करते तो छंद, आणि त्या जे करतात ते शास्त्र. माझं मत असं, की शास्त्राला कातडी घालावी लागते, नाहीतर लोक घाबरून पळतात.

मी ह्यांच्या चेहऱ्याचा साचा घेतला. दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ती गार लगद्यासारखी पेस्ट तोंडभर थापली, नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवल्या. वीस मिनिटं हे गप्प बसले. आमच्या संसारातली ती पहिली वीस मिनिटं, ज्यात मी बोलले आणि त्यांनी मधेच पेपर उघडला नाही. मग हातांचे साचे, मग मातीकाम, मग सिलिकॉनची कातडी, तिच्यावर पातळ रंगाचे अकरा हात, मनगटावरच्या निळ्या शिरा, अंगठ्याच्या नखाखाली तेलाची काळी रेघ. पुतळा पुरा झाला तेव्हा ह्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण दिसत होता. माझा हात जरा प्रेमाने फिरला असणार. वन्सं त्याला ‘धाकटे’ म्हणायला लागल्या. मग आमचे हे आपोआप ‘थोरले’ झाले.

आणि आता हात. वन्संनी जी युक्ती काढली तिला तोड नाही, हे मी त्यांच्या तोंडावर कधीच म्हणणार नाही. त्यांनी एक झिरझिरीत हातमोजा शिवला, त्यात केसासारख्या तारा घातल्या आणि तो संगणकाला जोडला. मोजा घालून माणसाने काम करायचं. बोट जसं हलेल तसं संगणक टिपून घेतो. मग तेच आकडे धाकट्यांच्या आतल्या मोटरींना द्यायचे, की त्यांचं बोट तसंच्या तसं हलतं. वन्संचा अभिमान असा, की यातला एकही आकडा त्यांनी मनाने घातलेला नाही.

एका रविवारी सकाळी मोजणी झाली. हे मोजा घालून कामाला बसले, डोळ्याला भिंग लावलं, आणि आम्हाला म्हणाले, डोक्यावर उभ्या राहू नका. आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिलो. नव्वद सेकंदांचं काम होतं. हे पाऊण तासाने बाहेर आले आणि मोजा उलटा काढून ठेवत म्हणाले, झालं एकदाचं.

धाकट्यांना मी पुढच्या खोलीत खिडकीशी बसवलं होतं, उजेड तिथेच चांगला येतो. समोर टेबल, टेबलावर उघडं घड्याळ, बशीत स्क्रू. वन्संनी कळ दाबली. धाकट्यांनी श्वास घेतला, पापण्या मिटून उघडल्या, चिमटा बशीत नेला, स्क्रू उचलला! माझ्या अंगावर काटा आला. हात वर आला, घड्याळाकडे वळला, आणि तिथे थरथरायला लागला. स्क्रू पडला.

पुन्हा कळ, पुन्हा थरथर. नऊ वेळा केलं, नऊ स्क्रू सतरंजीत गेले.

थोरले कोपऱ्यात पेपर वाचत होते. ते उठले आणि दुकानाला कुलूप नीट लागलंय का बघून येतो म्हणून निघून गेले. रविवार होता, दुकान शनिवार रात्रीपासून बंद होतं.

मग आम्ही दोषाच्या मागे लागलो. वन्सं म्हणाल्या, तुझी कातडी जाड झाली, मनगटाशी ओढ बसते. मी म्हटलं, तुमच्या मोटरी हलक्या आहेत. दोन दिवस आम्ही एकमेकींशी फक्त धाकट्यांमार्फत बोललो. शेवटी मीच माघार घेतली आणि मनगटाची कातडी आतून कोरून काढली, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ केली. त्यात तीन शिरा फाटल्या. त्या पुन्हा रंगवल्या. कळ दाबली. थरथर होतीच, उलट आता पातळ कातडीतून जास्त स्पष्ट दिसायला लागली.

वन्संनी मोटरी बदलल्या. नव्या मोटरी इतक्या चोख निघाल्या, की आधी जी थरथर ठोकळ होती ती आता बारकाव्यांसकट यायला लागली. करंगळी सुद्धा सुटली नाही!

याच सुमारास शेजारीण आली. दारातच घुटमळली. मग मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाली, की तीन दिवस येताजाता खिडकीतून बघतेय, तुमच्या ह्यांचा हात फार थरथरतोय हो, कुणाला दाखवलंत का? हाक मारली तरी ओ देत नाहीत.

तुम्हाला सांगते, मला इतका आनंद झाला! मी तिला दंडाला धरून आत ओढलं, धाकट्यांसमोर उभं केलं, आणि त्यांचं मनगट काढून तिच्या हातात दिलं. ती मट्‌कन खुर्चीवरच बसली. मग हसायला लागली, मीही हसले, दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पुतळा आहे तो, मी म्हटलं, यंत्रात दोष आहे, काढतोय आम्ही. ती डोळे पुसत म्हणाली, मी उगाच काहीतरी मनात घेऊन बसले. मग हसता हसता तिचा चेहरा बदलला.

“पण परवा माझ्या घड्याळाला पट्टा बसवत होते तेव्हा दुकानात...”

तिने माझ्याकडे बघितलं. मनगट अलगद टेबलावर ठेवलं आणि पुतळा मात्र अगदी हुबेहूब झालाय म्हणून निघून गेली. गॅसवर दूध ठेवलंय म्हणाली.

शनिवारी अकरा वाजता संग्रहालयात दाखवायचं होतं. बुधवार उजाडला. मला एका जागी बसवेना. भांडी घासून झालेली पुन्हा घासत होते, पडदे काढले, लावले. तेवढ्यात वन्संना शोध लागला, की टेबल डुगडुगतंय.

सुताराला बोलावलं. आमच्या घरातली सगळी फळ्याखिडक्यांची कामं तोच करतो, माणूस अनुभवी. त्याने टेबलावर पाण्याचा पेला ठेवून बघितलं आणि म्हणाला, ताई, टेबलात काही नाही. वन्संनी त्याला सांगितलं, आहे. मग त्याने एका पायाची चकती कापली. आता टेबल खरोखरच डुगडुगायला लागलं. म्हणून दुसऱ्या पायाची कापली. तिसऱ्याची कापताना पहिला लांब वाटायला लागला. दुपारपर्यंत टेबल गुडघ्याएवढं झालं, आणि धाकटे असे वाकून बसले होते, जणू खाली सांडलेलं काही वेचतायत! हात तसाच थरथरत होता.

थोरले दुकानातून जेवायला आले. टेबल बघितलं, सुताराला बघितलं, विचारलं, का कापताय? मी म्हटलं, डुगडुगतंय. ते बरं म्हणाले. सुताराने प्यायला पाणी मागितलं, ह्यांनी माठातून भरून नेऊन दिलं. निम्मं वाटेत सांडलं. सुतार पेल्याकडे बघत राहिला, मग धाकट्यांच्या हाताकडे, मग माझ्याकडे. हातातली करवत पिशवीत घातली आणि म्हणाला, ताई, जमिनीलाच उतार असेल. नवं टेबल उद्या देतो.

गुरुवारी एक गोष्ट घडली, ती सांगू की नको असं चाललंय. वन्संनी संगणक उघडला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, की एक उपाय आहे. आकड्यांवरून एक प्रकारची इस्त्री फिरवता येते. सगळे चढउतार जातात, हालचाल सरळ होते. दोन मिनिटांचं काम. मी विचारलं, मग इतके दिवस का नाही केलंत?

इस्त्री फिरवली. कळ दाबली. धाकट्यांचा हात गेला, तेलातून जावा तसा. स्क्रू उचलला, बसवला, परत आला. एकही चूक नाही. पुन्हा एकदा केलं. तेच, तसंच.

आम्ही दोघी बघत राहिलो. तोच चेहरा होता, त्याच भुवया, दोनशे अडुसष्ट केस. पण खुर्चीत कुणीच नव्हतं. ह्यांच्याच मापाचा शर्ट वाळत घातलाय, असं वाटलं मला. वन्संनी बराच वेळ नाक पुसलं, मग पटकन सगळं पूर्ववत केलं आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, शास्त्रात आकड्यांशी लबाडी चालत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला शास्त्र पटलं.

पण स्क्रू तर बसायला हवा! पट्टीवर नाव तर यायला हवं! मग शुक्रवारी दोघींनी मिळून मधला मार्ग काढला. हात थरथरो, पण स्क्रू सुटता कामा नये. वन्संनी चिमट्याच्या मुळाशी एक कडक स्प्रिंग घातली. मी टोकांना पॉलिशपेपर घासून खरखरीतपणा आणला. आता पकड अशी, की चिमट्यात बोट सापडलं तर बोट म्हणेल, मी इथेच राहते. आम्ही खूश झालो. घाईत एकदाच चालवून बघितलं, स्क्रू पडला नाही. तो नंतर भिंतीत रुतलेला सापडला, पण तोवर धाकटे गाडीत चढले होते.

शनिवारी सकाळी संग्रहालयाच्या दालनात धाकटे नव्या टेबलाशी बसले. संचालक होते, त्यांच्या समितीतले चार जण होते, शिपाई सगळ्यांना चहा देत होता. पितळी पट्टीही आणून ठेवली होती, तिच्यावर माझं आणि वन्संचं नाव कोरायची जागा मोकळी होती. थोरले पण आले. मी येऊ नका म्हटलं होतं, दुकान आहे ना, म्हटलं. पण ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि भिंतीशी हात मागे बांधून उभे राहिले. सगळी बटणं त्यांनी स्वतः लावली होती, एक घर चुकून.

धाकट्यांनी श्वास घेतला. समितीतली एक बाई चटकन मागे सरकली. पापण्या मिटल्या. कुणीतरी वा म्हणालं. चिमटा बशीत गेला, स्क्रू उचलला, हात वर आला, घड्याळाकडे वळला, थरथरला, आणि स्प्रिंगने आपलं काम केलं. टण्‌! समोरच्या काचेच्या कपाटावर खडा बसल्यासारखा आवाज आला.

मी म्हटलं, नवीन टेबल आहे, अजून मुरलं नाही. वन्सं म्हणाल्या, इथला विजेचा दाब कमीजास्त होतोय. कळ पुन्हा दाबली. टण्‌! एका सभासदाने फाईल छातीशी धरली. तिसरा स्क्रू छताच्या दिव्यात गेला. चौथ्या वेळी संचालक पुढे वाकून बघत होते, हातात कप होता, आणि या वेळी टण्‌ झालं नाही, डुबुक झालं. पण ते मला तेव्हा कळलं नाही. मी आणि वन्सं कळ दाबून केव्हाच टेबलाखाली गेलो होतो. स्क्रू शोधायला. निदान तसं आम्ही म्हणत होतो.

टेबलाखाली आमची डोकी एकमेकींवर आपटली. वन्सं जमिनीवरून हात फिरवत होत्या, जिथे काहीच नव्हतं तिथेही. मीही तेच करत होते. वरून संचालकांचा आवाज आला. फार सभ्य माणूस. म्हणाले, पुतळा अप्रतिम आहे, असं काम मी पाहिलेलं नाही. फक्त हाताचं बघावं लागेल. समितीत आमचे एक दंतवैद्य आहेत, त्यांचा हात फार स्थिर आहे. मोजणी त्यांच्या हाताची परत घेतली तर?

मी खालूनच ओरडले, “नको, यंत्रात दोष आहे, सोमवारपर्यंत काढतो!”

वन्सं माझ्याहून मोठ्याने म्हणाल्या, तार सैल आहे.

मग भिंतीकडून दोन पावलं आमच्या टेबलाशी आली. ह्यांचे बूट मी ओळखते, डाव्याचा बंद नेहमी सैल असतो, हल्ली दोन्ही असतात. बूट थांबले. वर धाकट्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, खाली आमच्या दोघींचा तोही नाही.

“यंत्रात दोष नाही साहेब,” थोरले म्हणाले. “माझ्या बहिणीचं यंत्र चोख आहे आणि बायकोचा हात बावनकशी. थरथरतो तो माझा हात. दीड वर्ष झालं. या दोघींना माहीत आहे, मला माहीत आहे, आमच्या सुतारालाही माहीत आहे.” मग खाली वाकून, आम्हाला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाले, “या आता वर दोघी. स्क्रू साहेबांच्या चहात पडलाय.”